डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, फादर म्हणतात पाप आहे. ऐकायचं कोणाचं?

दोन_लेकरांची_आई

नमस्कार सगळ्यांना. इथे कॅथलिकही आहेत आणि बाकीच्या चर्चची मंडळीही आहेत म्हणून विचारते. वसई पट्ट्यातली आहे, त्याहून जास्त ओळख नको. मला दोन मुलं, दोन्ही वेळेला सिझर. दुसऱ्या वेळेला वार (प्लॅसेंटा) खूप खाली होती आणि पहिल्या सिझरच्या जागेवर थोडी चिकटली होती, रक्त इतकं गेलं की बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की तिसरं बाळंतपण हिच्या जिवावर बेतू शकतं, मुलं बंद करायचं ऑपरेशन करून टाका. त्या अवस्थेत मला काही ठरवायचं नव्हतं म्हणून तेव्हा केलं नाही. आता बाळ मोठं होतंय आणि डॉक्टर दर वेळी विचारतात, काय ठरलं.

मी कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला गेले तेव्हा फादरांना विचारलं. म्हणाले, नसबंदी हे गंभीर पाप आहे, चर्चची शिकवण स्पष्ट आहे, देवावर भरवसा ठेव. मी म्हटलं फादर, माझं मन मला सांगतंय की या दोन लेकरांसाठी जिवंत राहणं हे माझं पहिलं कर्तव्य आहे. तर म्हणाले, आपली विवेकबुद्धी चर्चच्या वर नसते. बाहेर लाइन होती, तेवढ्यावर विषय संपला.

नवरा म्हणतो डॉक्टरांचं ऐक. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी सात सात आठ आठ झाली कोणाला काही झालं नाही, पण त्यांच्याच जाऊबाई बाळंतपणात गेल्या हे मला माहितीये. मैत्रिणी म्हणतात अगं सगळ्या करतात आणि रविवारी मिस्साच्या उपासनेत गपचूप कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला जातात, विचारतंय कोण. पण मला असं चोरून काही करायचं नाहीये, मी मिस्साला मनापासून जाते. म्हणून मला खरंच जाणून घ्यायचंय की फादर जे म्हणाले तीच चर्चची शिकवण आहे का पूर्ण? आणि मी विचार करून, प्रार्थना करून ऑपरेशन केलं तर मी चर्चच्या बाहेर गेले असं समजायचं का?

धर्मशिक्षक_उत्तर_वसई

ताई, मी बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण देतो, लग्नाआधीच्या कोर्सलाही शिकवतो, त्यामुळे गोड गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. शिकवणीपुरतं फादर बरोबर आहेत. जुलै 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांचं ह्युमाने विते हे परिपत्रक निघालं त्यात कृत्रिम संततिनियमन आणि थेट नसबंदी, बाईची असो की पुरुषाची, दोन्हीला नकार आहे. त्याच परिपत्रकात हेही आहे की गंभीर कारण असेल तर मूल न होऊ देणं हे जबाबदार पालकत्वच आहे, त्यासाठी पाळीचे दिवस बघून संबंध टाळायला मुभा आहे. म्हणजे तिसरं मूल नको असं ठरवणं हे पाप नाही, हे फादरांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर सांगायला हवं होतं. प्रश्न फक्त कोणत्या मार्गाने एवढाच आहे.

आता तुमच्या केससारख्या केसवर रोमने, म्हणजे व्हॅटिकनने वेगळं उत्तर दिलेलं आहे, ते फार लोकांना माहीत नसतं. 1993 मध्ये विचारलं गेलं होतं की सिझरमुळे गर्भाशयाची हालत खराब आहे, आत्ता धोका नाही पण पुढचं गरोदरपण धोक्याचं आहे, तर गर्भाशय काढण्याऐवजी नुसत्या नळ्या बांधल्या तर चालेल का. उत्तर आलं, नाही, ती थेट नसबंदीच होते. मात्र बाळंतपणातच गर्भाशयाला इतकी इजा झाली की जीव वाचवायला ते काढावं लागलं तर ते चालतं. मग 2018 च्या डिसेंबरमध्ये अजून एक उत्तर आलं की गर्भाशय आता मूल जगेपर्यंत वाढवूच शकत नाही अशी तज्ज्ञ डॉक्टरांची खात्री असेल तर ते काढणं ही नसबंदी धरायची नाही. तुमचे डॉक्टर नेमकं काय म्हणतायत, मूल राहिलं तर तुमच्या जिवाला धोका आहे की गर्भाशय मूल वाढवूच शकणार नाही, या दोनात चर्चच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

पण "विवेकबुद्धी चर्चच्या वर नसते" हे वाक्य असं एकटं सोडून देणं मला पटलं नाही. कॅटेकिझम म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, त्याच्या 1790 व्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की माणसाने आपल्या विवेकबुद्धीचा खात्रीचा निर्णय नेहमी पाळलाच पाहिजे, जाणूनबुजून त्याविरुद्ध वागला तर तो स्वतःलाच दोषी ठरवतो. लगेच पुढे हेही आहे की विवेकबुद्धी चुकू शकते, आणि ती का चुकते त्याच्या कारणांमध्ये चर्चचा अधिकार झिडकारणं हे एक कारण दिलंय. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात, पहिलं सोयीचं म्हणून उचललं आणि दुसरं टाकलं, किंवा दुसरं उचलून पहिलं दडवलं, तर दोन्हीकडून शिकवण अर्धीच राहते.

लेबर_वॉर्ड

मी नर्स आहे, कॅथलिकच, मुंबईत लेबर रूमला काम करते. धर्मशिक्षक भाऊंनी लिहिलंय ते खरं असेल पण मला आधी दोन गोष्टी सांगू देत. एक म्हणजे दोन सिझरनंतर वार पुन्हा खाली आणि जुन्या व्रणात घुसून बसायचा धोका प्रत्येक सिझरसोबत वाढतो आणि तुमची तर एकदा चिकटलेलीच होती, अशा केसमध्ये रक्त थांबत नाही, गर्भाशय काढावं लागतं, कधी कधी त्यानेही भागत नाही. आम्ही बघतो हे, आणि बघितल्यावर "देवावर भरवसा ठेव" हे शब्द वेगळेच ऐकू येतात. देवावर भरवसा आमचाही आहे, तरी रक्ताच्या बाटल्या आधी मागवून ठेवतोच.

दुसरं, नैसर्गिक पद्धत चालते, शिस्तीने करणाऱ्यांना चालते हे मी मान्य करते. पण अंगावर पाजत असताना पाळीच नीट नसते, तेव्हा दिवस ओळखणं अवघड जातं आणि ती नीट शिकवणारं माणूस लागतं, कोर्समधल्या एका तासाने येत नाही ते. जिला पुढचं गरोदरपण म्हणजे फक्त अडचण आहे तिने थोडी रिस्क घेतली तर एक वेळ समजू शकते, जिला ते जिवावरचं आहे तिच्यासाठी हिशोब वेगळा आहे. डॉक्टरांकडून लेखी घ्या, नेमका काय धोका, किती, का. ऑपरेशन नोट्सची कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे. शक्य असेल तर दुसऱ्या गायनॅकलाही दाखवा. आणि नवऱ्याला पण यात घ्या पूर्ण, पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं असतं, बिनटाक्याचं होतं, चर्चच्या हिशोबात दोन्ही सारखंच असलं तरी.

नगरी_ख्रिस्ती

मी कॅथलिक नाही, अहमदनगरकडचा, आजोबांपासून मिशनच्या मंडळीतला. आमच्याकडे हा प्रश्न या रूपात येतच नाही कारण अँग्लिकन बिशपांनी 1930 च्या लॅम्बेथ परिषदेतच नैतिक कारण असेल तर संततिनियमन चालेल असा ठराव केला आणि नंतर बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चेस त्याच वाटेने गेली. पण म्हणून आमच्याकडे अधिकार नाही असं समजू नका. आमच्याकडे पाळक आहेत, पंच आहेत, मंडळीची कुजबुज आहे, आणि कधी कधी ती पोपपेक्षा जड जाते.

ताईंनी लिहिलेलं वाचून मला पंडिता रमाबाई आठवल्या. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सिस्टर्सनीच त्यांना आसरा दिला होता. बाप्तिस्म्यानंतर सगळ्यांची अपेक्षा की आता ही नव्या चर्चचं सगळं निमूट ऐकेल. त्यांनी ऐकलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याबद्दल त्यांना शंका होत्या, त्या त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांमधून उघड विचारल्या. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, ते रमाबाईंना फार लागलं. 1885 च्या पत्रात त्यांनी लिहिलंय त्याचा आशय असा की इकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं प्रत्येक वाक्य देवाची आज्ञा म्हणून मानायला मी तयार नाही. सिस्टरना तो गर्व वाटला. मला तो गर्व वाटत नाही, कारण त्या बाई चर्च सोडून पळाल्या नाहीत. शंका घेतल्या, ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं, केडगावला शेकडो बायकामुलींना सांभाळलं आणि 1922 ला गेल्या त्या ख्रिस्ती म्हणूनच गेल्या.

बायबलात प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये येशूचा शिष्य पेत्र याने म्हटलंय की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, आणि ते तो कोणाला म्हणतोय तर धर्मसभेला, म्हणजे त्या वेळच्या धर्माच्या अधिकाऱ्यांना. ताई, तुम्हाला देवासमोर काय योग्य वाटतं ते करा, मधे कोणाला उभं करायची गरज नाही.

धर्मशिक्षक_उत्तर_वसई

नगरकर भाऊ, रमाबाईंबद्दल आदर आहे, पण शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. पेत्राला कोणीतरी विचारलं असतं की तुझ्या मनात आलेलं देवाचंच कशावरून, तर त्याच्याकडे उत्तर होतं, त्याने येशूला डोळ्यांनी बघितलं होतं. आपल्या मनात येतं ते कितीदा भीती असते, कितीदा सोय असते, कितीदा शेजारीण करते म्हणून असतं. पौलही म्हणतो, माझं मन मला दोष देत नाही पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, 1 करिंथ 4:4. मनाला मधे कोणी नकोच असेल तर मग जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरीला घराबाहेर काढणारा बापही म्हणतो माझ्या मनाला हेच पटलं.

आमच्याकडे इंग्लंडचे धर्मपंडित संत जॉन हेन्री न्यूमन आहेत, 2019 ला संत घोषित झाले. त्यांनी 1875 मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की जेवणानंतर शुभचिंतनाचा प्याला उचलायचाच झाला तर पोपसाठी जरूर उचलेन, पण आधी विवेकबुद्धीसाठी आणि मग पोपसाठी. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच पत्रात ते हेही म्हणतात की आजकाल लोक विवेकबुद्धीचा हक्क म्हणतात तेव्हा त्यांना स्वतःच्या मर्जीने वागायचा हक्क हवा असतो. हे मात्र कोणी सांगत नाही.

व्हिएन्नाहून

पुण्याची आहे, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्ट्रियात. इथे आल्यावर कळलेली एक गोष्ट सांगते, ती या धाग्यात बसते असं मला वाटतं. सांक्ट राडेगुंड नावाच्या खेड्यात फ्रान्झ येगरश्टेटर म्हणून शेतकरी होता, शिक्षण गावच्या शाळेपुरतं, चर्चमध्ये सॅक्रिस्टन म्हणजे घंटा, मेणबत्त्या, साफसफाई बघणारा. 1938 ला ऑस्ट्रिया जर्मनीत घ्यायचं मतदान झालं तेव्हा गावातून विरोधात मत देणारा तो एकटा. पुढे त्याला वाटायला लागलं की हिटलरच्या युद्धात लढणं हे पाप आहे. तो स्वतःच्या मनावर थांबला नाही हां, पाद्र्यांना विचारलं, लिंझच्या बिशपांकडे गेला. सगळ्यांनी हेच सांगितलं की युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं तुझं काम नाही, तुला बायको आणि तीन लहान मुली आहेत, त्यांचा विचार कर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि 1943 च्या मार्चमध्ये बंदूक घ्यायला नकार दिला. 9 ऑगस्ट 1943 ला ब्रँडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावरसुद्धा बिशपांनी त्याची गोष्ट धर्मप्रांताच्या पेपरात छापू दिली नाही. आणि 2007 च्या ऑक्टोबरमध्ये लिंझच्याच कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, त्याची बायको फ्रान्झिस्का तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती आणि ती समोर हजर होती.

म्हणजे पाद्री चूक, बिशप चूक, आणि घंटा वाजवणारा शेतकरी बरोबर, हे चर्चनेच नंतर मान्य केलं. म्हणून फादर म्हणाले विषय संपला, असं होत नाही.

धर्मशिक्षक_उत्तर_वसई

उदाहरण फार चांगलं आहे आणि मी ते वर्गात सांगतो. पण दोन फरक बघा. येगरश्टेटरला बिशपांनी जो सल्ला दिला ती चर्चची शिकवण नव्हती, त्या माणसांची भीती होती, त्याची विवेकबुद्धी उलट शिकवणीच्याच बाजूने उभी होती. आणि त्याने जे निवडलं त्यात त्याचा जीव गेला. मनाचं ऐकून माणूस जड वाटेने गेला तर मी पटकन विश्वास ठेवतो, सोप्या वाटेने गेला तर मी आधी विचारतो की हे मन आहे की सोय.

लेबर_वॉर्ड

भाऊ, माफ करा पण यात सोपी वाट कुठली? दोन लेकरांची आई रोज रात्री घाबरून झोपते, नवऱ्याजवळ जायलाही घाबरते, त्याला तुम्ही सोपं म्हणताय? येगरश्टेटरला मरण्याचा निर्णय स्वतः घेता आला. हिच्या बाबतीत मरण आलं तर ते तिने निवडलेलं नसेल, आणि मागे राहतील ती पोरं. जड वाट म्हणजेच देवाची वाट असं धरलं तर बायकांच्या वाट्याला कायम जडच येणार, कारण बाळंतपण त्यांच्याच अंगावर आहे. हे परिपत्रक लिहिणारे, 1993 ला उत्तर देणारे, कन्फेशनच्या खिडकीपलीकडे बसलेले, सगळे पुरुष. मी चर्चवर रागावून लिहीत नाहीये, मी रोज सकाळी मिस्सा ऐकते. पण ही गोष्ट चर्चमध्ये मोठ्याने बोलली जात नाही म्हणून ताईंसारख्या बायका एकट्या पडतात.

व्हिएन्नाहून

नर्सताईंशी सहमत. आणि शिकवण इतकी सरळ जन्मली नव्हती हेही सांगायला पाहिजे. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 ला एक आयोग नेमला, पॉल यांनी तो वाढवला, त्यात डॉक्टर होते, विवाहित जोडपी होती, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस पण सदस्य होते. 1966 ला आयोगाच्या बहुमताने बदल करावा असं सुचवलं. पोपनी ते स्वीकारलं नाही, तो त्यांचा अधिकार होता. पण 1968 ला परिपत्रक आल्यावर दोन महिन्यांत कॅनडाच्या बिशपांनी, जर्मनीच्या, इथल्या ऑस्ट्रियाच्या बिशपांनी निवेदनं काढली की जे जोडपं शिकवण समजून घेऊन, खरी धडपड करूनही प्रामाणिकपणे वेगळ्या निर्णयाला येतं त्याला चर्चपासून तुटलेलं समजू नका. तेव्हाचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक योसेफ रात्सिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, त्यांनीही त्याच सुमारास लिहिलं होतं की पोपच्याही वर माणसाची स्वतःची विवेकबुद्धी आहे आणि गरज पडली तर चर्चच्या अधिकाराविरुद्धही ती पाळावी लागते. आणि पोप फ्रान्सिस यांनी 2016 ला आमोरिस लेतित्सिया या कुटुंबाबद्दलच्या पत्रकात लिहिलं की आमचं काम लोकांची विवेकबुद्धी घडवण्याचं आहे, तिची जागा घेण्याचं नाही.

धर्मशिक्षक_उत्तर_वसई

नर्सताई, सोय हा शब्द मी या ताईंसाठी वापरला नव्हता, पण वाचताना तसाच लागतो हे खरं आहे, आणि बायका एकट्या पडतात हे तर शंभर टक्के खरं. व्हिएन्नाच्या ताईंनी दिलेली माहिती बरोबर आहे, फक्त 1993 ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हेरितातिस स्प्लेंडोर हे परिपत्रक काढून विवेकबुद्धी स्वतःच चांगलं वाईट तयार करत नाही हे ठणकावून सांगितलं, तेही सोबत वाचा. रात्सिंगरही नंतर याच बाजूने जास्त बोलले.

दोन_लेकरांची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. मला एवढं कळलं की फादर म्हणाले ते खोटं नव्हतं पण अर्धं होतं. तिसरं नको वाटणं हे पाप नाही हेच मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेच निम्मं ओझं उतरलं. माझं अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांकडून कागद मागितलेत, पुढच्या आठवड्यात मिळतील. दुसऱ्या एका फादरांची वेळ घेतलीये, ते सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण देतात तिथे शिकवायचे, कन्फेशनच्या लाइनमध्ये नाही तर बसून बोलायला, नवरा पण येणार आहे. तोपर्यंत आम्ही दोघं लांब राहतोय.

पण एक विचारू का. समजा सगळं ऐकून, त्या फादरांशी बोलूनही मला खात्रीने वाटलं की ऑपरेशनच करायला हवं, आणि मी केलं. मग पुढच्या रविवारी कम्युनियनला जायचं की नाही हे कोण ठरवणार? सगळ्यांच्या देखत बाकावर बसून राहिले तर गाव विचारणार, आणि गेले तर मला स्वतःला फसवल्यासारखं वाटू नये.

धर्मशिक्षक_उत्तर_वसई

चर्चच्या कायद्यात यासाठी दोन वेगळी कलमं आहेत, कॅनन 915 आणि 916. 915 आहे ते फादरांसाठी, जो उघडपणे आणि हट्टाने गंभीर पापात राहतो त्याला कम्युनियन देऊ नये असं. घरातल्या चार भिंतींतली गोष्ट त्यात येत नाही, त्यामुळे कोणी फादर तुम्हाला रांगेतून परत पाठवू शकत नाहीत. 916 आहे ते घेणाऱ्यासाठी, ज्याला आपण गंभीर पापात आहोत याची जाणीव आहे त्याने आधी कन्फेशन करावं. म्हणजे तो निर्णय शेवटी तुमच्याच विवेकबुद्धीकडे येतो, चर्चनेच तो तिथे ठेवलाय. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी अजूनही म्हणेन की नैसर्गिक पद्धत शिकवणारं कोणी चांगलं मिळतंय का ते आधी बघा, मी इकडे चौकशी करून इथेच लिहितो. पण तुम्ही जे करताय, कागद मागवताय, नवऱ्याला घेऊन फादरांकडे जाताय, याला चर्चचा अधिकार झिडकारणं म्हणत नाहीत. त्या फादरांना हाच प्रश्न जसाच्या तसा विचारा, 1993 आणि 2018 ची दोन्ही उत्तरं त्यांच्यासमोर ठेवा, आणि ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स नक्की सोबत न्या, कारण गर्भाशय मूल वाढवू शकतं की नाही हे त्यांना डॉक्टरांच्याच शब्दांत वाचायला लागेल.

लेबर_वॉर्ड

आणि त्या कागदांवर वार कितपत आत घुसली होती ते लिहिलंय का बघा. नसेल लिहिलं तर डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा.